दुसरं बाळंतपण घरी करावं म्हणते (वाघबीळ, ठाणे). ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहा

वाघबीळची_आई:

नमस्कार. मला एकतिसावा आठवडा चालू आहे. दुसरी खेप. मोठी मुलगी साडेतीन वर्षांची. राहायला घोडबंदर रोडला वाघबीळ, अकरावा मजला. घरात नवरा, मुलगी, सासूबाई आणि मी. शेवटच्या महिन्यात डोंबिवलीहून आई येईल.

हे बाळंतपण घरी करायचं माझ्या मनात आहे. कुणी केलंय का? ठाण्यात किंवा नवी मुंबईत घरी येणारी, रीतसर शिकलेली मिडवाइफ मिळते का? मी चुकते आहे असं वाटत असेल तर तेही लिहा, पण कारण लिहा. "हल्लीच्या मुलींची फॅडं" एवढंच म्हणायचं असेल तर नको, ते घरी रोज ऐकते आहे.

माझी पहिली वेळ ठाण्यातल्याच एका खाजगी रुग्णालयात झाली. कागदावर 'नॉर्मल'. रात्री अकराला कळा सुरू झाल्या आणि आम्ही घाबरून लगेच गेलो. दारातच बांगड्या काढायला लावल्या, गाऊन दिला, नवऱ्याला आणि आईला बाहेर थांबवलं. आई रात्रभर जिन्याजवळच्या खुर्चीवर मांडीवर गरम पाण्याचा थर्मास घेऊन बसली होती. तो माझ्यापर्यंत आलाच नाही, कारण पाणीसुद्धा प्यायचं नाही असं मला बजावलं होतं. उताणं झोपवून पोटाला पट्टा बांधला. जरा चालू का विचारलं, तर "पट्टा निघेल". पहाटे "फार हळू चाललंय" म्हणून सलाईनमधून कळांचं औषध लावलं. त्यानंतरच्या कळांमध्ये श्वास घ्यायलाही फट राहिली नाही. मी ओरडले तेव्हा तिथल्या एक बाई म्हणाल्या, "तेव्हा नाही ओरडलीस?" हे वाक्य मी वर्षभर नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. शेवटी एकीने पोटावर जोरात दाब दिला, मला न विचारता खाली छेद घेतला, टाके पडले. मुलगी लगेच रडली, ठणठणीत होती, तरी माझ्या कुशीत आली ती पाच तासांनी. तोवर तिला वरचं दूध पाजून झालं होतं.

मुलगी छान आहे, मीही हिंडते-फिरते आहे, म्हणून सगळे म्हणतात, झालं ना नीट? पण दीड महिना मला धड बसता येत नव्हतं. आणि अजूनही रिक्षा त्या रस्त्याने गेली की मी मान वळवते.

आईची आई सांगायची, तिची सहाही बाळंतपणं माजघरात झाली. सुईण रात्रभर कंबर चोळत बसायची, मध्येच भाताची पेज पाजायची. माझी कंबर त्या रात्री कुणी चोळली नाही.

या वेळचे रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. बीपी, साखर ठीक. बाळाचं डोकं खाली आहे. वार (प्लासेंटा) वरच्या बाजूला आहे. माझं वय ३१, आधी सिझर नाही. इंग्लंड आणि नेदरलँड्समध्ये मिडवाइफ घरी येऊन बाळंतपण करतात, तिथल्या आरोग्यसेवेतच ती सोय असते असं वाचलं. तिथे जे शहाणपणाचं आहे ते वाघबीळला वेडेपणाचं का, हे मला कुणीतरी समजावून सांगा.


बेलापूरकरीण:

माझा मुलगा २०१९ च्या जुलैमध्ये बेलापूरला आमच्या घरी जन्मला. तीही माझी दुसरी खेप होती.

मिडवाइफ परदेशात शिकून, तिथे नोंदणी होऊन आलेली होती. पाचव्या महिन्यापासून ती दर भेटीला तासभर बसायची. आधी प्रकृतीचं, मग मनातलं. तिच्या अटी कडक होत्या. हिमोग्लोबिन अकराच्या वर, बाळ डोक्याकडून खाली, सदतिसावा आठवडा पूर्ण, आधी सिझर नाही, रुग्णालय पंधरा मिनिटांच्या आत, तिथल्या डॉक्टरांना सगळं माहीत, आणि त्या रात्री खाली गाडी तयार, ड्रायव्हिंग येणारा माणूस जागा. यातली एक जरी अट मोडली तरी मी रुग्णालयात जायचं, हे तिने आधी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

कळा पाच तास चालल्या. मी पलंगाच्या कडेला धरून गुडघ्यांवर होते, बाहेर धो धो पाऊस. दोघीजणी आल्या होत्या. एक माझ्यासाठी, एक बाळासाठी. बाळाचे ठोके ऐकायचा डॉपलर, बाळाला श्वास द्यायची पिशवी आणि मास्क, रक्तस्राव थांबवायचं इंजेक्शन बर्फाच्या डब्यात. यातलं बरंचसं न वापरताच परत गेलं. टाका पडला नाही. नाळेतली धडधड थांबल्यावर नवऱ्याने ती कापली. बाळ तासभर माझ्या छातीवरून हललं नाही. आयुष्यातली ती सगळ्यात शांत सकाळ होती.

तुला वेड लागलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९-२१ चे आकडे बघ. देशात खाजगी रुग्णालयांतल्या शंभरातल्या ४७ बाळंतपणांत सिझर, सरकारीत १४. प्रकृती तीच, शरीरं तीच, मग एवढा फरक फक्त बायकांमुळे पडत नाही.

पण दोन गोष्टी ऐक. ती मिडवाइफ आता भारतात नाही आणि तिच्या तोडीची दुसरी मला इथे माहीत नाही. आणि डूला म्हणजे मिडवाइफ नव्हे. डूला सोबत देते, धीर देते, कंबर चोळते. तपासणं आणि बाळंतपण करणं हे तिचं काम नाही, चांगली डूला स्वतःच तसं सांगते. कुणी "मी दोन्ही करते" म्हणालं तर शिक्षण आणि नोंदणी दाखवायला सांग.


शहापूरवाला:

माझी मोठी बहीण १९९६ साली गेली. आमचं गाव किन्हवलीच्या पुढे. तिचीही दुसरी खेप होती. पहाटे चारला मुलगा झाला, धडधाकट. सुईण चांगली होती, आम्ही भावंडं सगळी तिच्याच हातची. पण वार अर्धी आली, अर्धी आत राहिली. आधी वाटलं थोडं रक्त जातंच. मग गोधडी भिजली, मग दुसरी. जीप मिळायला तास गेला. शहापूरच्या अलीकडे ताई "मला थंडी वाजते" म्हणाली, तेवढंच शेवटचं.

सुईणीला मी दोष दिला नाही. तिच्याकडे तिचे हात होते, बाकी काही नव्हतं. ती नंतर कुणाकडे गेली नाही.

भाचा आता मोठा झालाय, ठाण्यात नोकरी करतो. तुमच्या मनाविरुद्ध दुखवायचं नाही ताई, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.


निवृत्त_सिस्टर:

बाळा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मी ३३ वर्षं बाळंतपणं केली. १९८६ ला मुरबाड तालुक्यात एका उपकेंद्रावर एएनएम (गावपातळीवरची नर्स) म्हणून लागले, नंतर जीएनएम हा नर्सिंगचा पुढचा अभ्यासक्रम केला आणि पुढची सगळी वर्षं सरकारी आणि पालिकेच्या लेबर रूममध्ये काढली. आता कळव्याला घरी असते.

आधी तुझ्या त्या रात्रीबद्दल. "तेव्हा नाही ओरडलीस" हे वाक्य मी माझ्या लेबर रूममध्येही ऐकलंय. सुरुवातीच्या वर्षांत मी गप्प बसले, कारण बोलणारी माझ्याहून सीनियर होती. त्या बायकांचे चेहरे मला आठवतात. तुझी मी मनापासून माफी मागते, कारण तुझी कुणी मागितलेली दिसत नाही.

आणि हेही ऐक, तुझ्यावर जे जे झालं त्यातलं बरंचसं शास्त्राला धरून नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली बाळंतपणातल्या काळजीबद्दल शिफारशी काढल्या. त्यात लिहिलंय की गर्भपिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत खरी जोराची अवस्था सुरूच होत नाही. आम्हाला शिकवलं होतं की तासाला एक सेंटिमीटर उघडलंच पाहिजे, नाहीतर गडबड आहे. पुष्कळ निरोगी बायकांचं तसं उघडत नाही, आणि फक्त तेवढ्यासाठी घाई करू नका असं आता स्पष्ट सांगितलंय. पोटावर दाब देऊ नका. सरसकट छेद घेऊ नका. बाईला हवं तसं बसू द्या, चालू द्या, धोका नसेल तर पाणी-पेज घेऊ द्या. तिच्या पसंतीचं माणूस जवळ असू द्या. नाळ निदान एक मिनिट कापू नका. बाळ ठीक असेल तर पहिला तास आईच्या अंगावर ठेवा. आपल्या केंद्र सरकारनेही २०१६ मध्ये सरकारी प्रसूतिगृहांत सोबतीच्या बाईला परवानगी दिली. म्हणजे तुझ्या आजीला माजघरात जे मिळालं ते आज पुस्तकात आहे. तू ते मागितलंस तर नखरे करत नाहीस.

आता घरी का नको म्हणते ते. मी घरी बाळंतपणं केली आहेत, पहिली चार वर्षं तेच केलं. कंदिलाच्या उजेडात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर स्वच्छ प्लास्टिक अंथरून. पाच स्वच्छता आम्हाला पाठ होत्या: हात, जागा, ब्लेड, दोरा, नाळ. माझी स्वतःची आजी सुईण होती. ती बाईला उकिडवं बसवायची, आढ्याला बांधलेला दोर धरायला द्यायची आणि घाई म्हणून करायची नाही. तेवढं सगळं बरोबर होतं. पण नाळेला राख लावायची, आणि धनुर्वाताने गेलेली बाळं तिने सटवाईच्या नावावर घातली. (२०१५ साली आपला देश आई-बाळांच्या धनुर्वातातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं तेव्हा मला आजीच आठवली.)

टोकावड्याकडच्या एका वाडीतली रात्र सांगते. बाळ झालं, वार पूर्ण आली, मी हात धुवायला वळले. दोन मिनिटांनी बघते तर बाईखाली थारोळं. नऊ महिने भरलेल्या पिशवीत दर मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त फिरतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात. पिशवी आकसली की तिच्या स्नायूंच्या विणीत त्या आवळल्या जातात आणि रक्त थांबतं. पिशवी ढिली राहिली तर थांबवणारं दुसरं काही नसतं. माझ्याकडे पिशवी आकसवणाऱ्या मेथर्जिनचं एक इंजेक्शन होतं, ते दिलं. थांबलं नाही. मग एक हात आतून, एक बाहेरून पोटावर, अशी पिशवी दाबून धरली आणि दुधाच्या गाडीत मुरबाडपर्यंत तशीच बसले. बाई वाचली. माझे हात दोन दिवस वळत नव्हते. शहापूरवाले भाऊ, तुमच्या ताईच्या जीपमध्ये असे हात नव्हते, एवढाच फरक.

त्या बाईचेही सगळे रिपोर्ट नॉर्मल होते. म्हणून मी हे सांगते. २००६ साली बेळगाव जिल्ह्यातला एक अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. १,६२० बायका, बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रावर, करणाऱ्या आमच्यासारख्या एएनएम. धोका कमी म्हणून निवडलेल्या बायका, तरी औषध न मिळालेल्यांत शंभरात बाराजणींना जास्त रक्तस्राव झाला. पिशवी आकसवणारं मिझोप्रोस्टॉल तोंडाने दिलेल्यांत सहाजणींना. एक औषध एवढा फरक करतं, आणि तरीही सहाजणी उरतात.

इंग्लंडचं तू विचारलंस, त्याचं उत्तर लपवणार नाही. तिथला २०११ चा मोठा अभ्यास ६४ हजारांहून जास्त, कमी धोक्याच्या बायकांचा होता. पहिलटकरणींच्या बाळांना घरी धोका जास्त दिसला. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला घर आणि रुग्णालय यांत बाळासाठी फरक दिसला नाही, आणि घरी छेद, टाके, सिझर कमी झाले. म्हणजे तुझ्यासारख्या बाईच्या बाजूने तो पुरावा आहे. पण त्याच अभ्यासात घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरात ४५ जणींना आणि दुसरीच्या पुढच्यांपैकी सुमारे बाराजणींना मध्येच रुग्णालयात हलवावं लागलं. तिथे मिडवाइफ सरकारी सेवेतली असते. तिने फोन केला की रुग्णवाहिका येते, रुग्णालयात तिचा कागद चालतो, दारात कुणी "आधी कुठे दाखवलं होतं?" म्हणून अडवत नाही. घर आणि रुग्णालय या एकाच घराच्या दोन खोल्या आहेत.

आपल्याकडे तो मधला दरवाजा नाही. केंद्राने डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, नर्सेसना अठरा महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण ठेवलं. मला त्याचा फार आनंद झाला, तीस वर्षं आम्ही हेच मागत होतो. पण त्या मिडवाइफनी काम करायचं ते रुग्णालयातल्याच वेगळ्या कक्षात, घरी नाही. म्हणजे घरी काही बिनसलं तर तू, तुझा नवरा, लिफ्ट आणि घोडबंदर रोड. संध्याकाळी सातला वाघबीळहून माजिवड्याला किती वेळ लागतो ते मी तुला सांगायला नको. रस्त्यावरची गर्दी, अवजड गाड्या. रक्तस्रावात आपल्याकडे तेवढा वेळ नसतो. बाळ रडलं नाही तर एक मिनिट असतं.

तुला जे हवंय ते रुग्णालयात नेता येतं. कष्टाने, भांडून, पण येतं. रक्तपेढी आणि ऑपरेशन थिएटर अकराव्या मजल्यावर आणता येत नाही.

आता मला हे सांग. "नॉर्मल" असं लिहू नकोस, आकडे लिही. हिमोग्लोबिन किती, कधी तपासलंय? मुलीचं जन्मवजन किती होतं? आणि पहिल्या वेळचं डिस्चार्ज कार्ड काढ. त्यावर बाळंतपणानंतरच्या भागात काय लिहिलंय ते शब्दन् शब्द इथे उतरव.


ऐरोली_बाबा:

आमची दुसरी मुलगी ठरवून नव्हे, घाईत घरी झाली. ऐरोली सेक्टर आठ. पहिल्या वेळी चौदा तास लागले होते म्हणून आम्ही निवांत होतो. या वेळी पहिली कळ ते बाळ, पावणेदोन तास. १०८ ला फोन केला. गाडी पोचायच्या आत डोकं बाहेर आलं होतं. फोनवर सांगितलं, बाळ ओढू नका, नाळ कापू नका, कोरड्या टॉवेलने पुसून आईच्या छातीवर ठेवा, वरून पांघरूण घाला. तेवढंच केलं. गाडीत डॉक्टर होते, त्यांनी पुढचं सगळं केलं आणि वाशीला नेलं. दोघी सुखरूप.

त्यामुळे सिस्टर म्हणतात त्यात एवढी भर, की दुसरी खेप असेल तर उशिरा निघायचा बेत करू नका.

कागदपत्रांचं: जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. रुग्णालयात झालं तर ते कळवतात, घरी झालं तर कुटुंबप्रमुखाने पालिकेच्या कार्यालयात जाऊन कळवायचं. आता शाळा, आधार, पासपोर्ट सगळीकडे जन्मदाखला लागतो, तेव्हा ते टाळू नये. बीसीजी, पोलिओ आणि काविळीची पहिली लसही लगेच लागते, काविळीची तर २४ तासांच्या आत.


वाघबीळची_आई:

सिस्टर, तुम्ही माफी मागितलीत ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. सासूबाईंनी विचारलं काय झालं, तर त्यांनाही वाचून दाखवलं. मग त्यांनी त्यांचं सांगितलं, ४० वर्षांपूर्वीचं. ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. रात्री साडेबारापर्यंत आम्ही दोघी बोलत बसलो होतो. "फॅड" हा शब्द त्यानंतर घरात आलेला नाही.

हिमोग्लोबिन ९.१ आहे. तीन आठवड्यांपूर्वीचं. डॉक्टर म्हणाले गोळ्या घ्या, मी धरून चालले की ठीक आहे. मुलीचं वजन ३ किलो ६००.

डिस्चार्ज कार्ड कपाटाच्या वरच्या कप्प्यातून काढलं. कधी नीट वाचलंच नव्हतं. एका ओळीत लिहिलंय: "ॲटोनिक पीपीएच, मेडिकली मॅनेज्ड". मी इंटरनेटवर शोधलं. सिस्टर, हे तेच ना? तुम्ही टोकावड्याचं लिहिलंत ते? मला आठवतंय, मुलगी झाल्यावर एकदम धावपळ झाली होती, मांडीत इंजेक्शन दिलं, दोन्ही हातांना सलाईन लावलं, आणि मला फार थंडी वाजत होती. मला वाटलं सगळ्यांनाच तसं होतं. कुणी काही बोललं नाही. शहापूरच्या दादांनी थंडीचं लिहिलंय ते वाचून माझे हात थरथरायला लागले.


निवृत्त_सिस्टर:

हो बाळा, तेच. म्हणजे बाळ झाल्यावर तुझी पिशवी आकसली नाही आणि त्यांनी औषधांनी ती आकसवली. ज्या लोकांनी तुला वाईट वागवलं, त्यांनीच त्या दहा मिनिटांत तुझा जीव वाचवला. दोन्ही खरं आहे, एकामुळे दुसरं पुसलं जात नाही. कळांचं औषध फार वेळ चाललं तर पिशवी दमते, बाळही मोठं होतं. कारण यातलं एखादं असू शकेल, आता नक्की सांगता येणार नाही. पण तुला न सांगता घरी पाठवलं ही त्यांची मोठी चूक. पुढच्या खेपेला हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची असते.

एकदा असं झालं की पुन्हा व्हायची शक्यता वाढते. आणि ९.१ वर जाणारं प्रत्येक वाटीभर रक्त जास्त महागात पडतं. बेलापूरच्या ताईंच्या मिडवाइफने तुला पहिल्याच भेटीत नाही म्हटलं असतं, आणि ती चांगली मिडवाइफ होती म्हणूनच म्हटलं असतं.

उद्याच डॉक्टरांना फोन कर. गोळ्यांवर आता वेळ पुरायचा नाही, शिरेतून लोहाचं इंजेक्शन देता येईल का विचार. गोळी चालू असेल तर चहा, दूध आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नकोस, लिंबूपाण्याबरोबर घे. नाचणी, अळीव खाच, पण त्याने एवढी तूट भरणार नाही.

आणि एका कागदावर तुझ्या मागण्या मराठीत लिहून ने. डॉक्टर पूर्ण वाचतात की घडी घालून ठेवतात ते बघ. विचार, रात्री दोनला रक्त कुठून येतं? भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात? बाळ झाल्याबरोबर पिशवी आकसवणारं ऑक्सिटोसिन मांडीत देता का, ते फ्रिजमध्ये ठेवता का? रक्तस्राव थांबवायला लागणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड लेबर रूममध्येच असतं का? जिथे या प्रश्नांचा राग येतो तिथे जाऊ नकोस.


वाघबीळची_आई:

उशिरा लिहिते आहे, चौतिसावा आठवडा लागला. लोहाचं इंजेक्शन झालं. काल हिमोग्लोबिन १०.२ आलं.

तीन ठिकाणी कागद घेऊन गेलो. पहिल्या ठिकाणी वाचलाच नाही, थेट पॅकेज सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी सोबतीला हो म्हणाले, चालायला नाही. तिसऱ्या ठिकाणी डॉक्टरबाईंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, मग डिस्चार्ज कार्डही मागितलं. सोबत कोणीतरी एक, नवरा किंवा आई, सतत आत. चालायला, कुशीवर किंवा गुडघ्यांवर व्हायला हरकत नाही. छेद विचारल्याशिवाय नाही. नाळ थांबून कापतील, बाळ अंगावर ठेवतील. एका गोष्टीला नाही म्हणाल्या: हातातली सलाईनची सुई आल्यापासून लावलेली राहील, पहिल्या वेळच्या रक्तस्रावामुळे. कारण समजावून सांगितलं आणि मग माझ्या उत्तराची वाट बघत थांबल्या. मी हो म्हटलं. रक्ताची सोय आधीच करून ठेवणार आहेत.

नवऱ्याने रस्ता मोजला. दुपारी दोनला १६ मिनिटं, संध्याकाळी सव्वासातला ५२. त्यामुळे शेवटचे दहा दिवस आम्ही नौपाड्यात मावससासूबाईंकडे राहायला जाणार आहोत, तिथून रुग्णालय चालत सात मिनिटांवर आहे. ऐरोलीच्या दादांचं वाचून हे ठरवलं.

सिस्टर, तुम्ही सांगितलेले चारही प्रश्न विचारले. पाचवा मी माझा विचारला, आईला थर्मास आत आणता येईल का. हो म्हणाल्या.